काजूचं टरफल, जंतू आणि भाजलेले हात

'काजूच्या टरफलात जंतुनाशक सापडलं' असा मजकूर अधूनमधून मोबाईलवर येतो. गोव्यात तो वाचून माणसं दोन तऱ्हेनं बोलतात. ज्याच्या घरी बागायत आहे तो म्हणतो, हे काय नवीन? होडीच्या बुडाला ते तेल पूर्वीपासून लावतात, ते उगीच? आणि ज्यानं लहानपणी हिरवी बी दातानं फोडायचा पराक्रम केलेला असतो तो म्हणतो, ज्यानं ओठ सोलून निघतात ते औषध कसलं?

दोघांचंही बरोबर आहे. गंमत अशी की दोघांच्या म्हणण्यामागचं रसायन जवळजवळ एकच आहे. जंतूंना मारणारा आणि आपली कातडी जाळणारा गुण एकमेकांपासून सुटा करता येतो का, या प्रश्नावर सगळं संशोधन अडलेलं आहे. बातमीत मात्र हा प्रश्न नसतो.

हा विषय आत्ताच का निघतो, तेही आधी सांगतो. आपली प्रतिजैविकं, म्हणजे डॉक्टर जंतुसंसर्गावर देतात त्या अँटिबायोटिक गोळ्या-इंजेक्शनं, हळूहळू निकामी होताहेत. जंतू त्यांना दाद देईनासे झालेत. जगभरच्या आकडेवारीचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. नवी औषधं त्या वेगानं येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ मातीत, समुद्रात, झाडांच्या सालीत, जिथं तिथं नवे रेणू शोधताहेत. त्या शोधात काजूचं टरफल सापडलं, आणि तेही आयतं, फुकटात पडलेलं.

तेल असतं कुठं?

बोंडू खाली लोंबतो आणि त्याच्या टोकाला बी चिकटलेली असते. आपण जिला बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरं फळ, आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ. बीचं कवच दिसतं एकसंध, पण आडवं कापलं तर बाहेरची चिवट साल आणि आतली कडक साल यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसतात. त्या पोकळ्यांत दाट, तांबूस-तपकिरी तेल भरलेलं असतं. त्याच्या आत पातळ लालसर पापुद्रा, आणि मग गर.

झाडानं ही तजवीज का केली असावी, हे कळायला फार अक्कल लागत नाही. वटवाघळं बोंडूवर ताव मारतात आणि बी टाकून देतात. उंदीर, खार, कीड, बुरशी यांपैकी जो कोणी गरापर्यंत जायला बघेल, त्याला आधी तेलाच्या थरातून जावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर ओल्या पाचोळ्यात पडलेली बी कुजायच्या आत रुजायला हवी. तिथं जंतू आणि बुरशी रोखणारं तेल कामी येतं.

एक किलो सुक्या बियांतून गर निघतो साधारण पाव किलो किंवा थोडा जास्त. उरलेलं बहुतेक टरफल. टरफलाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडं अधिक तेल असतं. म्हणजे जो गर आपण पेटीत घालून पाहुण्यांना देतो, त्याच्या मानानं तेल काही थोडंथोडकं नाही.

तेलात असतं काय?

टरफल न तापवता तेल काढलं, तर त्यात ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास एकच कुटुंब सापडतं: ॲनाकार्डिक आम्ल. मी पुढं नुसतं 'काजू-आम्ल' म्हणेन. त्याखालोखाल कार्डॉल, आणि थोडं कार्डॅनॉल. एवढी तीन नावं पुरेत. श्टेडेलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८४७ सालीच या तेलातून हे आम्ल वेगळं केलं होतं, त्यामुळं 'नुकताच शोध लागला' वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

काजू-आम्लाच्या रेणूचे दोन भाग असतात. डोकं, आणि त्याला जोडलेली लांब शेपटी. डोकं म्हणजे जवळपास सॅलिसिलिक आम्ल. ॲस्पिरिन ज्याच्यापासून बनतं आणि मुरुमांच्या मलमात जे असतं, तेच. शेपटी म्हणजे १५ कार्बन अणूंची माळ, खोबरेल तेलातल्या मेदाम्लांत असते तशा जातीची. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल.

'कुटुंब' म्हटलं ते अशासाठी की शेपटी सगळ्या रेणूंत सारखी नसते. काहींत ती अगदी सरळ असते, तर काहींत एक, दोन किंवा तीन ठिकाणी दुहेरी बंध येऊन ती वाकते. हा तपशील रटाळ वाटेल, पण शेपटी किती वाकडी यावर जंतू किती मरतात हे बरंच ठरतं. इसाओ कुबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९९१ साली हे सगळे रेणू सुटे करून एकेक तपासले. तीन वाकणांच्या रेणूनं अनेक जंतूंवर सर्वांत चांगलं काम केलं, सरळ शेपटीचा बराच मागं पडला. आणि या तीन घटकांत काजू-आम्ल सर्वांत जालीम, कार्डॉल मधलं, कार्डॅनॉल अगदीच मवाळ निघालं. हा शेवटचा क्रम ध्यानात असू द्या. गोव्यातल्या कारखान्यांची गोष्ट पुढं येते, तेव्हा तो लागेल.

जंतू मरतो कसा?

बांगड्याचं कालवण ज्या भांड्यात केलं ते नुसत्या पाण्यानं धुऊन पाहा. तेलाचा तवंग हलत नाही. साबण लावला की हलतो, कारण साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात घुसतं, दुसरं पाण्याला धरून राहतं, आणि तवंगाचे तुकडे पडून तो वाहून जातो. काजू-आम्लाची घडण नेमकी या जातीची आहे.

प्रत्येक जंतूभोवती एक पातळ पडदा असतो. तो मेदाचाच बनलेला. आत काय यावं, बाहेर काय जावं याचा हिशेब तो ठेवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जंतू आपली ऊर्जा याच पडद्यावर तयार करतो. पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे भारित कण साठवायचे आणि ते ठरलेल्या वाटेनं आत सोडताना ऊर्जा काढून घ्यायची, अशी ती यंत्रणा. काजू-आम्लाची शेपटी या पडद्यात रुतते. पडदा सैल होतो, आणि आम्ल ते भारित कण भलत्याच वाटेनं आत नेऊन सोडतं. साठा गळून जातो, ऊर्जा बनत नाही. त्यात आतल्या काही विकरांचं, म्हणजे पेशीतली कामं घडवणाऱ्या प्रथिनांचं, कामही थांबतं. जंतूला एकाच वेळी अनेक बाजूंनी मार बसतो.

पेनिसिलीनसारखी औषधं एखाद्या नेमक्या ठिकाणी जाऊन बसतात. जंतूनं तेवढं ठिकाण बदललं की औषध फसतं. पडद्यावरच्या हल्ल्याला तोंड द्यायचं तर सगळा पडदा बदलावा लागतो, आणि ते अवघड आहे. काजू-आम्लाबद्दलच्या उत्साहाचं खरं कारण हे.

सगळेच जंतू मरतात का?

नाही. आणि बातम्यांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये जंतूंना रंगवण्याची एक पद्धत काढली. रंग धरून ठेवणारे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, सोडून देणारे ते ग्रॅम-निगेटिव्ह. पहिल्या गटात दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, मुरुमांत आढळणारा जंतू, गळवं आणि जखमा पिकवणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असे जंतू येतात. दुसऱ्या गटात ई. कोलाय, टायफॉइडचा जंतू, आणि इस्पितळांच्या अतिदक्षता विभागांत डॉक्टरांना घाम फोडणारे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर वगैरे.

दुसऱ्या गटाला बाहेरून आणखी एक पडदा असतो. काजू-आम्लासारखे तेलकट रेणू त्यातून सहजी आत जात नाहीत. त्यामुळं पहिल्या गटावर हे आम्ल मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही चालतं (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग), तर दुसऱ्या गटातल्या बहुतेकांवर फारसं चालत नाही. आज आपल्या इस्पितळांत सर्वांत मोठी डोकेदुखी दुसऱ्या गटाची आहे. म्हणजे जिथं गरज सर्वाधिक, तिथंच काजू-आम्ल हात टेकतं. हे नीट सांगितलं तर बातमी एवढी चमकत नाही, हे मान्य.

पहिल्या गटातही एक कठीण गडी आहेच, मेथिसिलीन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, ज्याला डॉक्टर एमआरएसए म्हणतात. १९९६ मध्ये कुबो यांच्याच प्रयोगशाळेत काजू-आम्ल आणि मेथिसिलीन एकत्र देऊन पाहिलं. दोन्ही मिळून वेगवेगळ्यापेक्षा कितीतरी भारी पडली. निकामी झालेल्या जुन्या औषधाला असा जोडीदार देऊन पुन्हा कामाला लावणं, हा विचार मला स्वतःला 'नवं अँटिबायोटिक' या घोषणेपेक्षा जास्त पटतो.

पण हे सगळं काचेच्या बशीत. तिथं तर ब्लीचनंही जंतू मरतात.

म्हणजे रोज मूठभर काजू खाल्ले की झालं?

नाही. गरात काजू-आम्ल नाममात्र असतं. काजू खावा तो चवीसाठी आणि पोटासाठी, जंतूंसाठी नव्हे.

बोंडूत थोडं असतं, टरफलाच्या मानानं अगदीच कमी. बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तो मुख्यतः टॅनिन या तुरट द्रव्यामुळं.

आता फेणी. गोव्यात हा प्रश्न येणारच. बोंडू चेचून निघालेला रस आंबवतात आणि भाटीत उकळून त्याची वाफ थंड करतात. पहिल्या खेपेला हुर्राक, त्यापुढं फेणी. या वाटेनं मद्यार्क आणि वास देणारे हलके रेणू वर जातात. काजू-आम्ल जड, ते वाफेबरोबर चढत नाही, आणि बिया तर रस काढण्याआधीच पिरगळून वेगळ्या केलेल्या असतात. सर्दीत आजोबा फेणीचा घोट घेत असतील तर खुशाल घेऊ द्या, पण त्याचं श्रेय टरफलाला देऊ नका.

झाडाचंच आहे ना, मग अपाय कसला?

पेनिसिलीन बुरशीतून आलं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूपासून. कण्हेरही झाडाचंच आहे. एखादी गोष्ट निसर्गातून आली याचा ती सुरक्षित असण्याशी संबंध नाही.

काजूचं झाड आंबा, पिस्ता आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. आंब्याच्या देठाचा चीक ओठांना लागला तर फोड येतात, बिब्ब्याचं तेल उतलं तर डाग महिनोन्महिने राहतो. काजूच्या तेलातलं, विशेषतः कार्डॉलमधलं, रसायन त्यांच्याच जवळचं. ते दोन तऱ्हांनी त्रास देतं. एक तर सरळ भाजतं: ज्या गुणानं जंतूचा पडदा सैल होतो, तोच गुण आपल्या कातडीच्या पेशींवरही चालतो, कारण त्यांचे पडदेही मेदाचेच. दुसरं, काही माणसांत ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर त्याला शत्रू समजून पेटून उठतं. ही ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उमटते, म्हणून पुष्कळदा कारण लक्षातच येत नाही.

काजूच्या कारखान्यांत टरफलं फोडणाऱ्या बायकांचे काळे पडलेले, सोललेले हात हा याचा पुरावा. हाताला राख, एरंडेल किंवा खोबरेल चोपडून त्या काम करतात. जंतुनाशकाच्या बातमीत या हातांचा उल्लेख नसतो, ही मला खटकणारी गोष्ट आहे. या तेलाचा माणसाच्या कातडीवरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना 'प्रयोग' त्या बायकांच्या हातांवर झालेला आहे.

खाण्यातून गेलं तरी त्रास होतो. १९८२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघटनेनं निधीसाठी विकलेल्या काजूंच्या पिशव्यांत टरफलाचे तुकडे राहिले होते. ते काजू खाल्लेल्या बऱ्याच जणांच्या अंगावर खाजरं पुरळ उठलं.

आणखी एक उदाहरण औषधांच्या दुनियेतलं. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क युरोपात स्मरणशक्तीसाठी विकला जातो. त्या पानांत काजू-आम्लाची जवळची नातलग आम्लं असतात. ती ॲलर्जी देतात म्हणून अर्क शुद्ध करताना काढून टाकावी लागतात, दहा लाख भागांत ५ भागांहून जास्त चालत नाहीत. म्हणजे एकीकडं औषध म्हणून आपण ज्याच्या मागं लागलोय, त्याच्या नातेवाइकांना दुसरीकडं अशुद्धी म्हणून हाकललं जातंय.

मग गोळी का निघाली नाही?

त्वचेचा त्रास हे एक कारण झालं. दुसरं रक्ताचं. आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन मुबलक असतं आणि तेलकट शेपटीचे रेणू त्याला चिकटून बसतात. बशीत जो रेणू मोकळा फिरून जंतूंना मारतो, तो रक्तात गेला की बराचसा अडकून पडतो. मग मात्रा वाढवायची, आणि मात्रा वाढवली की आपल्या पेशींना मार बसायचा.

तिसरं कारण जरा गुंतागुंतीचं आहे. काजू-आम्ल फार ठिकाणी हात घालतं. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की मानवी पेशीतली जनुकं चालू-बंद करण्यात भाग घेणारं पी-३०० नावाचं विकर हे आम्ल रोखतं. कर्करोगाच्या अभ्यासकांना ही बातमी सुखाची होती. पण घसादुखीवर गोळी द्यायची असेल, तर रुग्णाच्या पेशींतही लुडबूड करणारा रेणू कुणाला हवाय? त्यामुळं बरेच रसायनशास्त्रज्ञ मूळ आम्लाऐवजी त्याची शेपटी आखूड करून, डोक्यावरचे अणू बदलून नवी रूपं करून पाहतात.

चौथं कारण पैशाचं आणि ते रसायनाइतकंच खरं. नवं प्रतिजैविक काढायला प्रचंड खर्च येतो, आणि ते निघालं की डॉक्टरांना सांगतात, जपून वापरा. कंपनीला मिळणार काय? अमेरिकेच्या अकेओजन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

रक्तात नको, तर कुठं?

माझ्या मते काजू-आम्लाचं भविष्य माणसाच्या पोटाबाहेर आहे, आणि तिथं ते बरंच उजळ आहे.

सर्वांत पुढं गेलेलं काम जनावरांच्या खाद्याचं. जनावरं लवकर वाढावीत म्हणून त्यांच्या खाद्यात प्रतिजैविकं मिसळण्याची चाल जगभर होती, आणि त्यातूनच औषधांना न जुमानणारे जंतू फोफावले. युरोपीय संघानं वाढीसाठी अशी औषधं देणं २००६ पासून बंद केलं. भारतानं २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली, कारण ते माणसांसाठी राखून ठेवायचं शेवटचं औषध आहे. मग त्या जागी काय द्यायचं? ब्राझीलमध्ये कोंबड्यांना काजूचं तेल आणि एरंडेल यांचं मिश्रण देऊन पाहिलं गेलंय.

गाईंचं प्रकरण अधिक रंजक आहे. गाईच्या मोठ्या पोटात असंख्य जंतू चारा कुजवतात. त्यातले ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू हायड्रोजन सोडतात आणि दुसरे सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात, जो गाय ढेकरांतून बाहेर टाकते. मिथेन हवा तापवतो, शिवाय चाऱ्यातली ऊर्जा फुकट जाते ती वेगळीच. काजू-आम्ल नेमक्या ग्रॅम-पॉझिटिव्ह गटावर चालतं. इस्पितळात जी त्याची उणीव, तीच इथं सोय. जपानी संशोधकांनी गाईंना काजूचं तेल खाद्यातून देऊन मिथेन मोजला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मिथेन चांगलाच घटला, आणि न तापवलेलं तेल तापवलेल्यापेक्षा सरस ठरलं. जपानमध्ये असं खाद्य बाजारातही आलं आहे.

दुसरी जागा पाण्याखालची. होडीच्या बुडाला लावलेल्या तेलामुळं लाकूड पाणी पीत नाही आणि पोखरणारे किडे जरा लांब राहतात, हे रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, कुणी शिकवायला नको. मोठ्या जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि कवचधारी जीव चिकटू नयेत म्हणून कथिलाची विषारी संयुगं असलेले रंग वापरत. समुद्रातल्या शिंपल्यांची वाट लागायला लागल्यावर आंतरराष्ट्रीय करारानं २००८ पासून त्यांना बंदी झाली. तेव्हापासून पर्यायांचा शोध चालू आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जहाजांना चिकटणाऱ्या या जीवांचा अभ्यास होत आला आहे, आणि काजूच्या बागा तिथून तासाभराच्या अंतरावर. ही दोन्ही टोकं जुळवायला गोव्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

डासांच्या अळ्या मारणं, गोगलगायी मारणं, लाकडाला वाळवी लागू न देणं, दात किडवणारा जंतू आवरणं हेही यादीत आहे. पण कातडीशी आणि तोंडाशी संबंध आला की वरची सगळी भीती परत येते.

आपल्याकडं टरफलाचं काय होतं?

गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फेणीला २००९ मध्येच मिळालं होतं. गर आणि रस दोघांचे सत्कार झाले. टरफल राहिलं बॉयलरच्या तोंडाशी.

कारखान्यात बी आली की ती वाफेवर शिजवतात, थंड करून कटिंगच्या यंत्रावर फोडतात, गर बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवून पापुद्रा काढतात, आणि मग आकारानुसार डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा प्रतींत निवडतात. टरफल जळण म्हणून जातं किंवा तेल काढणाऱ्यांकडं. जुनी रीत वेगळी होती. बिया तापत्या पिंपात भाजायच्या किंवा उकळत्या काजूतेलाच्याच हौदातून काढायच्या, १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या घरात.

इतक्या उष्णतेत काजू-आम्ल टिकत नाही. त्याच्या डोक्याचा आम्लधर्मी तुकडा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि उरतं कार्डॅनॉल. जंतूंच्या बाबतीत मवाळ निघालेलं ते हेच. तापवलेल्या तेलात ६० टक्क्यांहून जास्त हेच असतं. उद्योगाला तेच हवं असतं. गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात, राळेत, जहाजांच्या आणि टाक्यांच्या रंगांत कार्डॅनॉल जातं, आणि तो धंदा जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. त्यामुळं बाजारात काजूचं तेल म्हणून जे मिळतं, त्यात जंतुनाशक म्हणून ज्याचं कौतुक चाललंय ते आम्ल बहुधा नसतंच. कुणी सरसकट 'काजूतेल' म्हणून जंतुनाशक विकायला आला, तर पहिला प्रश्न विचारायचा: किती अंशावर काढलं?

वाफेच्या पद्धतीत तापमान पुष्कळ कमी असतं. अशा टरफलातून घाण्यात दाबून काढलेल्या तेलात आम्ल बऱ्यापैकी टिकून राहतं. म्हणजे गोव्यातले बरेच कारखाने आज ज्या रीतीनं बी फोडतात, ती नकळत आम्ल राखणारी आहे. मग पुढं ते टरफल भट्टीत घालायचं का, याचा विचार व्हायला हरकत नाही. एक किलो बियांच्या टरफलात, तोंडी हिशेबानं, १०० ग्रॅमच्या आसपास काजू-आम्ल असतं.

ते वेगळं काढायलाही मंगळावर जायला नको. बेंगळुरूच्या विठ्ठल मल्ल्या संशोधन प्रतिष्ठानातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं आणि त्यात विझवलेला चुना घालायचा. आम्ल चुन्याशी जोडलं जाऊन साका बनून खाली बसतं, कार्डॉल आणि कार्डॅनॉल वर राहतात. साका गाळून त्यावर दुसरं आम्ल टाकलं की काजू-आम्ल मोकळं होतं. भाजणारं कार्डॉल असं बाजूला निघालं की त्वचेचा धोका संपत नाही, पण घटतो. साका गाळल्यावर उरलेलं तेल रंगवाल्यांना विकता येतं.

अडचणी अर्थातच आहेत. बीची जात, पिकलेपण, साठवण यांनुसार तेलातलं प्रमाण बदलतं, आणि खाद्याला किंवा रंगाला दर खेपेला सारखाच माल लागतो. गोव्यातल्या एकेका कारखान्याची टरफलं स्वतंत्र गाळण-यंत्रणेला पुरणार नाहीत, ती एकत्र आणावी लागतील. टरफल जाळणं बंद केलं तर बॉयलरला दुसरं जळण हवं. तेल काढून उरलेली पेंड जळते, पण तिची आंच कमी पडते. कारखानदार हे हिशेब आपल्यापेक्षा चांगले जाणतो, आणि गिऱ्हाईक दिसल्याशिवाय तो यंत्रं बसवणार नाही.

जंतू यालाही सरावले तर?

सरावतील. किती लवकर, एवढाच प्रश्न. पडद्यावरचा हल्ला चुकवणं अवघड असलं तरी अशक्य नाही. काही जंतू नको असलेले रेणू पंपानं बाहेर फेकतात, काही पडद्यातल्या मेदाचा प्रकार बदलतात.

ट्रायक्लोसानचं उदाहरण ताजं आहे. हात धुण्याच्या साबणापासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडं ते घातलं गेलं. साध्या साबणापेक्षा त्याचा जास्त फायदा होतो हे कंपन्या दाखवू शकल्या नाहीत आणि जंतू सरावण्याची भीती होतीच, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेनं घरगुती साबणांतून ते काढायला लावलं. काजू-आम्ल निघालं आणि लगेच 'काजूयुक्त' हातधुणं, फरशीपुसणं, फेसवॉश असं सुरू झालं, तर त्याचीही तीच गत व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. गाईच्या खाद्यालाही हाच नियम लागू आहे. तिथंही मोजून, तपासून द्यायला हवं.

घरात तेलाची बाटली आहे, तिचं काय करू?

होडीला लावा. अंगणातल्या खांबांच्या बुंध्याला, वाळवी लागणाऱ्या वाशांना लावा, तेही हातमोजे घालून. पायाच्या भेगांना हे तेल लावण्याची जुनी चाल आहे, पण ती मी कुणाला सुचवणार नाही, कारण भेग म्हणजे उघडी जखम आणि कुणाला ॲलर्जी आहे ते आधी कळत नाही. मुरुमांवर, दाढेवर, जखमेवर तर मुळीच नको. मुरुमांचा जंतू बशीत मेला म्हणून तुमच्या गालावर तोच निकाल लागेल असं नाही, गाल मात्र नक्की सोलला जाईल.

ओले काजूगर काढताना आधी हाताला खोबरेल चोळा, किंवा मोजे घाला. चीक लागलाच तर लगेच साबणानं धुवा, त्या हातानं डोळे-तोंड पुसू नका, फोड आले तर फोडू नका. डोळ्यात गेला किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टरकडं जा, आणि काजूचा चीक लागला होता हे त्यांना आवर्जून सांगा. मुलांना चुलीत बिया भाजून द्यायच्या असतील तर उघड्यावर भाजा. टरफल फुटून उडणारं तेल भाजतं, आणि त्याचा धूरही डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.